आपल्या घरात आधी कोण राहायचं? नागपुरात शोधून राहिले असाल तर या चुका टाळा

आमचं महालातलं घर आजोबांनी १९६३ मध्ये विकत घेतलं. मागच्या वर्षी माजघराच्या चौकटीवरचा ऑइल पेंट खरवडला तर खालून पेन्सिलीच्या रेघा निघाल्या, कोण्या पोट्ट्याची उंची मोजलेली, बाजूला बारीक अक्षरात तारखा, पहिली ५१ ची आणि शेवटची ऑक्टोबर ५६ ची, नाव मात्र कुठंच नाही. तेव्हापासून डोक्यात खूळ बसलं की आपल्या आधी इथं होतं कोण. वर्षभर हिंडलो आणि त्यातले पहिले चार महिने पार पाण्यात गेले, काऊन गेले ते सांगतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मालक शोधला की राहणारा सापडला असं समजणं. आपण सगळे आधी सिटी सर्व्हे ऑफिसात जाऊन आखीव पत्रिका काढतो (पुण्या-मुंबईवाले प्रॉपर्टी कार्ड म्हणतात ते), त्यावर नावं दिसतात आणि वाटतं झालं काम. अरे पण जुन्या शहरात मालक एका पेठेत, घर दुसऱ्या पेठेत आणि आत चार-चार बिऱ्हाडं असायची. महिन्याच्या भाड्यानं राहणाऱ्याचा कोणी दस्त रजिस्टर करत नसे, त्यामुळे तो इंडेक्स २ मध्ये (रजिस्टर झालेल्या दस्तांची सूची) येतच नाही, आणि ऑनलाइन सर्च तर आपल्याकडे साधारण २००२ पासूनचाच, म्हणजे जुन्यासाठी रजिस्ट्री ऑफिसच्या चकरा आल्याच. नझूलच्या प्लॉटवाल्यांनी अजून एक ध्यानात ठेवा, जमीन सरकारची आणि घरवाला पट्टेदार असा तो प्रकार असतो, त्यामुळे पत्रिकेवर सरकार दिसलं म्हणून हे सरकारी क्वार्टर होतं असं ठरवून मोकळे होऊ नका.

भाडेकरू शोधायचा तर भाडे नियंत्रणाच्या फायली बघा, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. विदर्भात १९४९ चा सीपी अँड बेरारचा (म्हणजे जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड) घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता, तो पार २००० मध्ये महाराष्ट्राचा नवा कायदा येईपर्यंत चालला. भाडेकरूला काढायची नोटीस द्यायलाही घरमालकाला रेंट कंट्रोलरची परवानगी लागायची आणि घर रिकामं झालं तर तसं कळवावं लागायचं, मग तिथं सरकारी नोकरदाराला घर अलॉट होऊ शकायचं. म्हणजे भांडण झालं असेल तर फाइल आहे, आणि फाइल आहे तर भाडेकरूचं नाव, धंदा, कधीपासून राहतो, सगळं आहे. भांडखोर घरमालक असेल तर तुमचं नशीब समजा.

दुसरी चूक मी स्वतः केली, घर नंबरावर विश्वास ठेवला. टॅक्सच्या जुन्या रजिस्टरमध्ये आमचाच नंबर सापडला, एक अख्खं कुटुंब सापडलं, दोन महिने त्यांचा पाठपुरावा केला आणि मग कळलं की मधल्या काळात वॉर्ड बदलले, नंबर बदलले आणि ते घर आमच्या तीन गल्ल्या पलीकडचं. नंबर नाही, चतुःसीमा बघायची. जुन्या खरेदीखतात लिहिलेलं असतं, पूर्वेस अमुकचे घर, पश्चिमेस गल्ली, दक्षिणेस तमुकची विहीर. घर पक्कं होतं आणि शेजाऱ्यांची नावं फुकटात मिळतात.

वाचताना पण घोळ होतो. आमच्या भावानं 'वल्द' हे आडनाव समजून वहीत लिहून घेतलं होतं. अमुक वल्द तमुक म्हणजे तमुकचा मुलगा, जौजे म्हणजे बायको, बेवा म्हणजे विधवा, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे मालक लहान पोर आणि सही दुसऱ्याची. आडनाव बऱ्याचदा नसतंच, त्याजागी कौम आणि साकिन, म्हणजे जात आणि राहायचं गाव.

सनावळीचं पण तसंच. इतवारीतल्या एका मित्राच्या दारावर १९८५ कोरलंय, तो म्हणे घर तर नवंच आहे, आणि आत सागवानी खांब! ते विक्रम संवत होतं बे, ५७ वजा कर, १९२८ निघते. शके असेल तर ७८ मिळवायचे. आधी कोणती सनावळ ते बघा, मग गणित.

मतदार याद्या चांगल्या, पण १९८९ च्या आधी मताचं वय २१ होतं म्हणून घरातले अठरा-वीसचे पोट्टे त्यात दिसत नाहीत. आणि पहिल्या निवडणुकीच्या वेळी अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं म्हणून देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली, तेव्हा यादीत बाई नाही म्हणजे घरात बाई नव्हती असं नाही. जनगणनेच्या मागं लागू नका, घरोघरचे फॉर्म आपल्याकडे गोपनीय असतात, कोणी दाखवणार नाही.

आता ५६ साल. तोवर नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं, १ नोव्हेंबर १९५६ ला ती गेली, आपण मुंबई राज्यात आलो, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली आणि सचिवालयातले कितीतरी लोक बिऱ्हाड उचलून तिकडं गेले. ज्या घरातला माणूस नेमका ५६ मध्ये गायब होतो त्याला नागपुरात शोधत बसू नका. मी शोधत बसलो होतो, चौकटीवर ऑक्टोबर ५६ लिहिलेलं रोज दिसत असताना!

आणि शेवटची चूक, कागदांची फाइल काखेत मारून शेजारी जाणं. फाइल दिसली की लोकांना वाटतं हा हिस्सा मागायला आला, मग कोणालाच काही आठवत नाही. दुसऱ्यांदा मी फक्त मोबाइलमध्ये चौकटीचा फोटो घेऊन समोरच्या आजीकडे गेलो. आजींनी चष्मा लावला, फोटो मोठा करायला लावला आणि म्हणाल्या, "हे तर जबलपूरकडचे, बाबूजी सचिवालयात होते, पोट्टा माझ्या भावासंग गोट्या खेळे, भोपाळले गेले न ते." चार महिने ज्याच्यासाठी घातले ते चहा गार व्हायच्या आत मिळालं. कप ठेवता ठेवता त्यांनी हळूच विचारलं, "पण काऊन रे, कोणाचा हिस्सा-गिस्सा तर नाही न निघत?"