चेकआउटमध्ये पत्ता-शोध बसवताना ग्राहकाने लिहिलेलं पुसू नका

"पत्ता-शोधाचं टूल बसवा, चेकआउट सुधारेल" एवढं सांगून थांबणारे सल्ले मी वर्षानुवर्षं वाचतोय. चेकआउट म्हणजे ऑनलाइन दुकानात ऑर्डर पक्की करायचा फॉर्म, आणि हे टूल म्हणजे त्यात चार अक्षरं टाइप करताच जुळणाऱ्या पत्त्यांची यादी दाखवणारी सोय. टूल बसवायला एक दुपार पुरते. ग्राहकाने यादीतला पत्ता निवडल्यावर पुढच्या अर्ध्या सेकंदात फॉर्ममध्ये काय होतं, यावर पार्सल दारात पोहोचणार की परत येणार हे ठरतं. सल्ले देणारे नेमकं तेच गाळतात.

चेकआउट चालू आहे, फॉर्मच्या कोडला हात लावता येतो आणि कुठल्यातरी पत्ता-शोध सेवेची एपीआय की (ती सेवा वापरायची किल्ली) तुम्ही घेतली आहे, असं धरून चालतो. ती किल्ली तुमच्या डोमेनपुरती बांधलेली, म्हणजे फक्त तुमच्याच साइटवरून चालणारी, नसेल तर आधी ते करून या.

पायरी १ : आधी देश, मग पत्ता

देशाचा रकाना सगळ्यात वर हवा आणि शोध त्याच देशापुरता मर्यादित हवा. एकच फॉर्म सगळ्या जगावर लादू नका. ब्रिटनमध्ये एका पोस्टकोडखाली सरासरी पंधराएक पत्ते येतात, त्यामुळे पोस्टकोड टाकून यादीतून घर निवडणं तिथे लोकांच्या अंगवळणी पडलंय. आयर्लंडमध्ये २०१५ साली आलेला एअरकोड प्रत्येक पत्त्याला स्वतंत्र असतो, म्हणजे सात अक्षरांत थेट दार सापडतं. अमेरिकेचा पाच आकडी झिप कोड मात्र अख्खा परिसर व्यापतो. तिथे रस्त्यापासूनच सुरुवात करावी लागते. हाँगकाँगमध्ये पोस्टकोडच नाही. तिथल्या माणसाला तुम्ही तो सक्तीचा केलात, तर तो शून्यं भरून पुढे जाईल आणि तीच शून्यं लेबलवर छापली जातील.

आणि पोस्टकोड मजकूर म्हणून साठवा, आकडा म्हणून नको. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांचे झिप कोड शून्याने सुरू होतात. डेटाबेसमधला आकड्यांचा कॉलम ते शून्य गिळून टाकतो.

पायरी २ : शोध कधी सुरू करायचा

तीन अक्षरं झाल्यावर, आणि बोटं सुमारे पाव सेकंद थांबल्यावर. उशिरा आलेलं जुनं उत्तर फेकून द्या, नाहीतर ग्राहक पुढे गेलेला असतो आणि यादी मागच्याच अक्षरांची दिसते. जपानीसारख्या लिपीत अक्षर जुळत असताना शोध पाठवू नका, शब्द पक्का होऊ द्या. गूगलच्या प्लेसेस सेवेत प्रत्येक शोधसत्राला नवं सेशन टोकन (त्या सत्राची ओळखखूण) द्या आणि निवडीनंतर तपशील मागताना तेच टोकन पाठवा. तपशिलातही लागतील तेवढेच घटक मागा. या दोन गोष्टी विसरलात की बिल वाढतं.

पायरी ३ : निवडलेला पत्ता रकान्यांत भरणं

इथे मी सपाटून आपटलोय. एका दुकानाच्या चेकआउटला मी हे टूल जोडलं तेव्हा फॉर्म लवकर भरला जाऊ लागला, स्पेलिंगच्या चुका कमी झाल्या, आणि तरीही मोठ्या इमारतींमधली पार्सलं "पत्ता अपूर्ण" या शेऱ्यासह परत येऊ लागली. लेबलं पाहिली तर रस्ता बरोबर, इमारत बरोबर, पोस्टकोड बरोबर. फ्लॅट नंबर मात्र गायब. लोक तो लिहीतच नसतील असं मी गृहीत धरलं आणि कित्येक दिवस रकान्याखालच्या सूचना ठळक करत बसलो.

शेवटी मोबाइल हातात घेऊन मी स्वतः ऑर्डर भरली. "४०२" लिहिलं, पुढे इमारतीचं नाव लिहिलं, यादीतली इमारत निवडली. माझ्या कोडने अख्खा रकाना यादीतल्या मजकुराने बदलून टाकला. ४०२ गेलं. ग्राहक नंबर बरोबर लिहीत होते आणि मी तो पुसत होतो.

नकाशावर आधारलेल्या सेवा जागा ओळखतात: रस्ता, इमारत, दुकान. दाराचा नंबर बहुतेकदा त्यांच्या यादीत नसतो. पोस्टाच्या यादीवर आधारलेल्या सेवा, उदाहरणार्थ ब्रिटनच्या रॉयल मेलची पोस्टकोड अ‍ॅड्रेस फाइल, यात बऱ्याच पुढे आहेत. पण सगळा इमला एकाच टपालपेटीवर चालत असेल तर तिथेही आतले फ्लॅट वेगळे दिसत नाहीत. म्हणजे सेवा कुठलीही घ्या, दाराबद्दल शेवटचा शब्द तिथे राहणाऱ्याचाच.

म्हणून फ्लॅट, मजला, विंग यासाठी वेगळा रकाना ठेवा आणि तो कायम उघडा ठेवा. "आणखी एक ओळ जोडा" अशा लिंकमागे तो लपवण्याचा सल्ला मला अजिबात मान्य नाही. पत्ता निवडला की कर्सर त्याच रकान्यात न्या. तो आधीच भरलेला असेल तर टूलने त्याला स्पर्श करायचा नाही.

दुसरं, रकाना बदलण्याआधी ग्राहकाने टाइप केलेलं जसंच्या तसं बाजूला ठेवा. उत्तर आलं की पाहा: त्याने लिहिलेला एखादा नंबर उत्तरात नाही असं तर झालं नाही? झालं असेल तर तो नंबर टिकलाच पाहिजे. उत्तरात घर क्रमांक आहे आणि ग्राहकाचा नंबर त्याहून वेगळा आहे, तर तो बहुधा फ्लॅटचा. त्या रकान्यात ठेवा. उत्तरात नुसता रस्ताच आला असेल तर तो बहुधा घराचा. पहिल्या ओळीत ठेवा. दोन्ही अंदाजच आहेत, म्हणून भरलेले सगळे रकाने डोळ्यांसमोर असू द्या, बदलता येतील असे. सगळं मिटवून एका सुबक ओळीत दाखवलंत तर चूक कोणाच्या लक्षात येणार नाही.

तिसरं, यादीत दिसणारी ओळ स्वल्पविरामावर तोडून रकाने भरू नका. सेवा घटक वेगवेगळे देते, तेच घ्या. मात्र घटकांची नावं सगळीकडे एकाच अर्थाची नसतात. गूगलकडून ब्रिटनचं शहर बहुधा "पोस्टल टाउन" या घटकात येतं, आणि न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन "लोकॅलिटी" या शहराच्या नेहमीच्या घटकामध्ये न येता "सबलोकॅलिटी"मध्ये येतं. शहराचा रकाना रिकामा राहिल्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ मला इथेच सापडलंय. ज्या देशांत माल पाठवता त्या प्रत्येकासाठी कुठला घटक आधी पाहायचा याचा क्रम लिहून ठेवा. घर क्रमांकाची जागाही तपासा: जर्मनीत तो रस्त्याच्या नावानंतर येतो, अमेरिकेत आधी.

निवडीनंतर ग्राहकाने हाताने काही बदललं तर त्याचंच खरं. सोबत साठवलेले अक्षांश-रेखांश आणि जागेचा आयडी त्याच क्षणी काढून टाका, नाहीतर लेबल एक सांगेल आणि डिलिव्हरीवाल्याचा नकाशा दुसरंच.

पायरी ४ : तपासणी

सुचवणं आणि तपासणं ही दोन कामं आहेत. यादीतून निवडला म्हणून पत्ता पोहोचण्याजोगा ठरत नाही. त्यासाठी वेगळी सेवा लागते, आणि उत्तर किती खोलवर जुळलं हे ती सांगते: रस्त्यापर्यंत, इमारतीपर्यंत की दारापर्यंत. इमारतीत फ्लॅट आहेत आणि नंबर नाही असं दिसलं तर तेवढाच एक प्रश्न विचारा. पोस्टकोड आणि शहर जुळत नसेल तर ग्राहकाचा आणि सुचलेला पत्ता शेजारी शेजारी दाखवा, फरक ठळक करा. "रोड"चं "आरडी" झालं एवढ्यासाठी कोणाला अडवू नका. आणि "मी लिहिलेलाच बरोबर आहे" हे बटण कधीही काढू नका. नवी इमारत यादीत यायला वेळ लागतो, तिथे राहायला आलेला माणूस मात्र आजच खरेदी करत असतो.

पायरी ५ : ब्राउझरच्या ऑटोफिलशी भांडू नका

ऑटोफिल म्हणजे ब्राउझरने आधी जपलेली माहिती आपोआप भरणं. त्याची आणि तुमची अशा दोन याद्या एकमेकींवर येतात म्हणून काही जण रकान्यांना भलतीच नावं देऊन ऑटोफिल बंद पाडतात. हे करू नका. ब्राउझरने जपलेला पत्ता हा सगळ्यात जलद मार्ग आहे. कुठल्या रकान्यात काय भरायचं हे ब्राउझरला सांगणाऱ्या एचटीएमएलच्या प्रमाण खुणा (autocomplete) रकान्यांना द्या आणि एका झटक्यात अनेक रकाने भरले गेले तर तुमची यादी उघडू नका.

पायरी ६ : सेवा बंद पडली तर

दोन सेकंदांत उत्तर नाही तर फॉर्म साधा फॉर्म म्हणून चालू राहिला पाहिजे, चूक झाल्याचा संदेश न दाखवता. यादी कीबोर्डच्या बाणांनी चालते का आणि स्क्रीन रीडरला (अंध व्यक्तींना स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) किती पर्याय आले हे कळतं का, तेही बघून घ्या.

पायरी ७ : चाचणी आणि मोजणी

स्वतःच्या घराचा पत्ता टाकून समाधान मानू नका. मोठ्या इमारतीतला फ्लॅट, "१२/३" किंवा "१२ अ" असा नंबर, नंबर नसलेलं खेड्यातलं घर, नुकतीच उभी राहिलेली इमारत, शून्याने सुरू होणारा कोड, कोड नसलेला देश, एवढे तरी मोबाइलवर हाताने भरा आणि शेवटी छापलेलं लेबल वाचा, स्क्रीन नव्हे. टूल चालू करण्याआधीचे परत आलेल्या पार्सलांचे आकडे काढून ठेवा, त्यात फ्लॅटवाले पत्ते वेगळे मोजा. चालू केल्यावर तेच आकडे दर आठवड्याला पाहा. फॉर्म भरायचा वेळ कमी झाला आणि फ्लॅटवाल्यांची पार्सलं परत येणं वाढलं, तर टूल बंद करा आणि पायरी ३ पुन्हा करा.