शाळेत नेट नसलं तरी मुलांना विकिपीडिया वापरता येतो

लॅबमध्ये कॉम्प्युटर आहेत पण नेट कधी येतं कधी नाही, अशा शाळांसाठी किविक्स नावाचं, नेटशिवाय विकिपीडिया वाचता येणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर खरंच कामाचं आहे, फुकट आहे आणि विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड सगळ्यांवर चालतं. करायचं इतकंच की जिथे चांगलं नेट आहे तिथे बसून किविक्सच्या लायब्ररीतून मराठी विकिपीडियाची झिम फाइल (सगळे लेख एकत्र असलेली, किविक्समध्ये उघडणारी फाइल) डाउनलोड करायची, पेनड्राइव्हवर घ्यायची आणि शाळेतल्या मशीनवर टाकायची. एकाच विकिपीडियाच्या मिनी, नोपिक, मॅक्सी अशा फाइली दिसतील, त्यात नोपिक म्हणजे पूर्ण मजकूर पण चित्रं नाहीत, जुन्या मशीनवर जागा कमी असेल तर हीच घ्या, मिनीत फक्त लेखाची सुरुवात असते, ती मुलांना पुरत नाही, मॅक्सीत चित्रांसकट सगळं असतं.

बरेच जण अडकतात ते पेनड्राइव्हवर. तो फॅट३२ या जुन्या फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल कॉपीच होत नाही, म्हणून आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आतला डेटा काढून घेऊन मग.

सगळ्या मशीनवर फाइल टाकत बसू नका. एका कॉम्प्युटरवर किविक्सचा लोकल सर्व्हर चालू करा, तो जो पत्ता दाखवेल तो बाकीच्यांच्या ब्राउझरमध्ये टाका, सगळे एकाच राउटरला जोडलेले असले की झालं, नेट लागत नाही.

आठवी ते दहावीला विज्ञान शिकवत असाल तर किविक्सच्या लायब्ररीतच फेटची (PhET) सिम्युलेशन्सही, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे विज्ञानाचे प्रयोग, बघा, सर्किट जोडायचं सिम्युलेशन तर मुलं सोडतच नाहीत!