टॉम उलटा करून बघा

मी मुळात ढोलकीतला. ऑर्केस्ट्रात ड्रमसेटवर बसलो तेव्हा वाटलं, सूर लावणं आपल्याला काय कठीण? लालबागला गणपतीतला कार्यक्रम होता. १२ इंची टॉम, म्हणजे सेटमधला एक ढोल, प्रत्येक ठोक्याला ‘ढँवऽऽ’ करत राहिला. मी वरच्या स्किनवर, म्हणजे काठी पडते त्या पडद्यावर, टेप लावली, आणखी टेप लावली, शेवटी चौपदरी रुमाल ठेवला. साउंडवाला वैतागून वर आला, टॉम उलटा केला आणि खालची स्किन ताणणारा एक रॉड, म्हणजे कडेचा स्क्रू, चिमटीत धरून फिरवला. पिळायच्या चावीशिवाय, इतका सैल! “दादा, इकडे कधी बघितलंत?”

सहा महिन्यांत एकदाही नाही. लाज याची, की ढोलकीलाही दोन तोंडं असतात. पण तिथे दोन्हींवर हात पडतो. टॉमच्या खालच्या स्किनवर काठी पडत नाही, म्हणून ती विसरली जाते आणि गुंज सगळी तीच बिघडवते.

तेव्हा सुरुवात खालून करा. स्किन काढा, कडा पुसा. रॉड आधी बोटांनी टेकवा, मग चावीनं अर्धा-अर्धा फेरा. ओळीनं मात्र नाही. एक झाला की त्याच्या समोरचा. ओळीनं पिळलात तर स्किन एका अंगाला ओढली जाते. सुरकुत्या गेल्या की ड्रम चटईवर ठेवा, दुसरी बाजू गप्प बसते. आता प्रत्येक रॉडजवळ, कडेपासून इंचभर आत, काठी टेकवत ऐका. एखाद्या रॉडजवळ सूर चढा असेल तर तो हव्या सुराच्याही खाली उतरवून पुन्हा वर आणा. नुसता उतरवून सोडलात तर वाजवता वाजवता आणखी उतरतो. मग वरची स्किन, अगदी तशीच. दोन्ही एका सुरात ठेवल्या तर गुंज लांबते. खालची थोडी चढी ठेवली की आटोपते.

मला पहिल्या टॉमला पाऊण तास लागला आणि तो पातेल्यासारखा वाजला. तुमचाही वाजेल, घाबरू नका.

पावसाळ्यावर मात्र खापर फोडू नका. दमट हवेत कातडं उतरतं, पण ड्रमवर १९५० च्या दशकापासून प्लास्टिकची स्किन आली आहे. आणि “कान आपोआप तयार होतो” म्हणणारे गुरू मला पटत नाहीत. माझ्या सरांनी चावी कधी हातात दिलीच नाही, कान कशावर तयार होणार?

टॉम वाजवल्यावर शेजारच्या स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा थरथरतात, ते पूर्ण थांबत नाही. टॉमचा सूर किंचित हलवला की कमी होतं. माझ्या अजून थरथरतात. प्रेक्षकांना कळत नाही, साउंडवाला तेवढा मान वर करून बघतो.