मोबदला मागायचा तर आधी बातमीचा सातबारा आपल्या नावावर हवा

देवगडहून आमचं साप्ताहिक निघतं, वेबसाइटही मीच सांभाळते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या वार्ताहराने मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत धरून, भर पावसात, बंदरात आदळून फुटलेल्या होड्यांचा फोटो काढला होता. दोन दिवसांत तो फोटो आणि खालची बातमी जशीच्या तशी एका बातम्यांच्या ॲपवर. मी मेल केला, तर उलट विचारणा आली: हक्क तुमचा असल्याचा कागद दाखवा. आमच्याकडे मानधनाच्या व्हाउचरशिवाय काही नव्हतं. वार्ताहराला तोंड कसं दाखवायचं, कळेना.

म्हणून तुमचं छोटं वृत्तपत्र असेल, तर गूगल किंवा मेटाकडे (फेसबुकची मालक कंपनी) बातम्यांच्या वापराचा मोबदला मागायला जाण्याआधी कपाट उघडून कागद तपासा. कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १७ नीट वाचा. पगारी पत्रकाराच्या मजकुरावर मालकाचा हक्क असतो तो वृत्तपत्रात किंवा नियतकालिकात छापण्यापुरता. वेगळा करार नसेल तर बाकीचे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. मानधनावरचा वार्ताहर तर नोकरीतही नसतो, त्याचं लिखाण सहसा त्याचंच. तेव्हा कलम १९ प्रमाणे लेखी करार करा: कोणते हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशापुरते, मोबदला किती, खाली सही. मुदत लिहायची राहिली तर ती ५ वर्षंच धरतात, प्रदेश राहिला तर फक्त भारत. डिजिटल परवाना (मजकूर ऑनलाइन वापरू देण्याची परवानगी) आणि एआयचं प्रशिक्षण (मजकूर वापरून एआयला शिकवणं) हे शब्द त्यात हवेतच. आणि कृपा करून फुकट सह्या घेऊ नका. आमच्या करारात परवान्यातून येणाऱ्या पैशाचा अर्धा वाटा वार्ताहराचा आहे. पावसात तो उभा राहिला होता, मी नव्हे.

प्रत्येक लेखाखाली ‘पुनर्मुद्रणाचे हक्क राखीव’ ही ओळ टाका. ताज्या राजकीय, आर्थिक, सामाजिक, धार्मिक विषयावरचा लेख दुसऱ्या वृत्तपत्राला उचलून छापण्याची मुभा कलम ५२ देतं. लेखकाने हक्क स्पष्ट राखून ठेवला असेल तर ती मुभा उरत नाही. मात्र लिलावात सुरमई काय भावाने गेली, ही माहिती कुणाच्याच मालकीची नसते. तुमचे शब्द आणि तुमचा फोटो तुमचे. मागणी तेवढ्यावरच करा, म्हणजे समोरच्याला फाटे फोडता येणार नाहीत.

मग मोजदाद. होस्टिंगवाल्याकडून सर्व्हर लॉग, म्हणजे साइटवर कोण कधी आलं याची नोंद, मागवा आणि कुठला बॉट, म्हणजे साइट आपोआप वाचणारा प्रोग्रॅम, किती वेळा येऊन गेला ते दर महिन्याला वहीत उतरवा. बॉटनी काय वाचू नये हे सांगणारी रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल साइटवर असते; तिच्यात ओपनएआयचा जीपीटीबॉट आणि गूगलच्या एआयसाठीचं गूगल-एक्स्टेंडेड यांना मनाई करता येते. त्याने गूगल सर्चमधलं तुमचं स्थान जात नाही. सर्चसाठी साइट वाचणाऱ्या गूगलबॉटला मात्र हात लावू नका. ही फाइल फाटकावरच्या पाटीसारखी, न जुमानणारा आत शिरतोच. म्हणून लॉग जपून ठेवायचे.

एवढं झालं तरी एकट्याने जाऊ नका. दहा पेट्या घेऊन वाशीला गेलेल्या बागायतदाराला दलाल सांगेल तो भाव घ्यावा लागतो. ऑस्ट्रेलियात बातम्यांच्या मोबदल्यासाठी गूगल-फेसबुकला बोलणीला बसवणारा कायदा २०२१ मध्ये आला, त्यानंतर कंट्री प्रेस ऑस्ट्रेलिया या संघटनेने तिथल्या स्पर्धा आयोगाची परवानगी काढून लहान गावांतल्या वृत्तपत्रांसाठी एकत्र बोलणी केली. ती परवानगी महत्त्वाची. आपल्याकडेही मिळून दर ठरवणं स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३ मध्ये अडकू शकतं, त्यामुळे पहिल्या बैठकीआधी त्यातला वकील गाठा. मोठ्या माध्यमसमूहांच्या डिजिटल न्यूज पब्लिशर्स असोसिएशन या संघटनेने वेगळी वाट धरली: थेट भारताच्या स्पर्धा आयोगाकडे गूगलविरुद्ध तक्रार. त्यावर जानेवारी २०२२ मध्ये आयोगाने गूगलच्या चौकशीचा आदेश दिला.

बोलणी फिसकटतील हेही धरून चाला. कॅनडात २०२३ मध्ये तसाच कायदा आला. गूगलने वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर द्यायचं कबूल केलं, मेटाने तिथे बातम्या दाखवणंच बंद केलं. तुमचे निम्मे वाचक फेसबुकवरून येत असतील तर आजच त्यांचे व्हॉट्सॲप नंबर आणि ईमेल, त्यांना विचारून, गोळा करायला लागा.

बाळशास्त्री जांभेकरांचं पोंभुर्ले आमच्याच तालुक्यात. ६ जानेवारीला, ‘दर्पण’च्या दिवशी, आम्ही पत्रकार भेटतो तेव्हा मी हार-गुच्छांबरोबर कराराचे कोरे नमुनेही नेते. फोटो काढणाऱ्या त्या वार्ताहराचा करार सगळ्यांत वर ठेवलेला असतो, सही कुठे करायची ते दाखवायला.