खान्देशात नव्याने आलात आणि घरात लघवीची गोळी चालू आहे?

बदली होऊन भुसावळ-जळगावला आलं की पहिला महिना घर, शाळा, गॅस यातच जातो. तेवढ्यात आईची किंवा वडिलांची बीपीसाठी, पायावरच्या सुजेसाठी चालू असलेली लघवीची गोळी संपते, आणि नेहमीच्या नावाची गोळी इथल्या मेडिकलवर मिळत नाही. मी कोकणातून येऊन इथे स्थायिक झालो त्याला बरीच वर्षं झाली. नवीन आलेली बरीच कुटुंबं इथेच अडतात आणि मिळेल ती महाग गोळी घेऊन मोकळी होतात, म्हणून सांगतो.

मेडिकलवाले भाऊ आसपासचे डॉक्टर लिहितात त्याच कंपन्यांचा माल ठेवतात. तुमची कंपनी नसली तरी आतलं औषध बहुधा असतंच. स्ट्रिप नीट वाचा. कंपनीने दिलेल्या नावाशिवाय त्यावर औषधाचं मूळ नाव असतं: टॉर्सेमाइड, फ्युरोसेमाइड, क्लोरथॅलिडोन, स्पायरोनोलॅक्टोन. पुढे मिलिग्रॅम. दोन्ही कागदावर उतरवून ठेवा. मग छापील किमतीला गोळ्यांच्या संख्येने भागा. कुठली स्ट्रिप दहाची असते, कुठली पंधराची, त्यामुळे नुसत्या छापील किमतीवरून स्वस्त-महाग कळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तोही बिलावर बघून घ्या.

खरा फरक पडतो तो चिठ्ठीत. चिठ्ठीवर कंपनीचं नाव असेल तर मेडिकलवाल्याला परस्पर दुसरी गोळी देता येत नाही. म्हणून इथला एक डॉक्टर पक्का करा, जुनी फाइल दाखवा आणि विचारा, ‘डॉक्टरसाहेब, गोळीचं मूळ नाव लिहून द्याल का?’ यात संकोच कसला? रोज घ्यायची गोळी आहे, वर्षानुवर्षं. मूळ नावाची चिठ्ठी हातात असली की जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानात जा. तिथे तीच गोळी बहुतेक वेळा निम्म्याहून कमी पैशात मिळते. जवळचं केंद्र आणि दर ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर दिसतात. कधी कधी माल संपलेला असतो, म्हणून आठवडाभराच्या गोळ्या शिल्लक असतानाच निघा.

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय इथे १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, तिथेही विचारा. रेल्वेतल्यांनी आणि रेल्वेच्या पेन्शनरांनी भुसावळच्या रेल्वे हॉस्पिटलात उमीद कार्ड (रेल्वेचं वैद्यकीय ओळखपत्र) दाखवावं.

काटकसर कुठे करायची नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. एक दिवसाआड गोळी घेऊन पैसे वाचवू नका. फ्युरोसेमाइड स्वस्त पडते म्हणून टॉर्सेमाइडच्या जागी स्वतःहून सुरू करू नका. टॉर्सेमाइड २० म्हणजे साधारण फ्युरोसेमाइड ४०, आकड्याला आकडा जुळत नाही. ही अदलाबदल डॉक्टरांनीच करायची. गुडघेदुखीवर परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन लघवीच्या गोळीचा असर कमी करतात आणि किडनीवर ताण आणतात.

जेवणातही पैसे वाचतात. शेवभाजी, पापड, लोणचं यांतून भरपूर मीठ पोटात जातं आणि गोळीचं काम वाढतं. मीठ आटोक्यात आलं की डॉक्टर कधी कधी डोस कमी करू शकतात. मात्र ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोनने शरीरातलं पोटॅशियम वाढतं. ती गोळी चालू असेल तर ते मीठ आणू नका. केळी आपल्या जिल्ह्यात घरोघरी येतात, रोज किती चालतील ते डॉक्टरांना विचारा.

आणि इथला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, घाम फार येतो, त्यात ही गोळी पाणी काढते. मार्च संपायच्या आत रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासून घ्या आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून उन्हाळ्यातला डोस विचारा. पाणी किती प्यायचं तेही त्यांनाच विचारा, कारण हार्टच्या पेशंटना पाण्याला मर्यादा असते. जुलाब-उलट्या झाल्या, उठताना चक्कर आली, तर पुढची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा.