साठीनंतर जलरंग: आधी कागद, मग चित्र

निवृत्तीनंतर ब्रश हाती घेणारे बरेच जण महागडे रंग आणतात आणि काटकसर कागदात करतात. नेमकं उलट करायला हवं. शाळेच्या चित्रकलेच्या वहीचं पान पाणी लागताच फुगतं, खळग्यांत रंग साचतो आणि माणसाला वाटतं, आपल्या हातातच कला नाही. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), जमल्यास कॉटनचा कागद घ्या. पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळतो. २२ बाय ३० इंचांच्या एका तावातून साडेसात बाय अकराचे आठ तुकडे निघतात.

रंग तीनच: लेमन यलो (पिवळा), क्रिमझन (गडद लाल), अल्ट्रामरिन (निळा). गोल ब्रश ८ आणि १२ नंबरचे. पाण्याची भांडी दोन, एक ब्रश धुवायला आणि दुसरं स्वच्छ पाण्याचं. शिवाय एक जुना सुती पंचा.

पहिला आठवडा चित्र नकोच, नुसता वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर. कागद फळीवर चारही बाजूंनी टेपने चिकटवा, फळीच्या वरच्या कडेखाली जाड पुस्तक ठेवा. रंग लागेल त्याच्या दुप्पट कालवा. मधेच संपला तर तीच छटा पुन्हा जमत नाही. वरून आडवा पट्टा ओढा. खालच्या कडेला साचलेला ओघळ ओला असतानाच पुढचा पट्टा त्याला भिडवा. शेवटचा ओघळ पिळलेल्या ब्रशने टिपून घ्या. आणि मग हात मागे! अर्धवट सुकलेल्या जागी ओला ब्रश लागला की जादा पाणी रंगाचे कण ढकलतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उठतो. चकाकी गेली म्हणजे सुकलं असं नाही. तळहाताची मागची बाजू टेकवून पाहा, कागद गार लागला तर थांबा. पुण्याच्या एप्रिलमध्ये वॉश बघता बघता सुकतो, म्हणून कागद आधी ओला करा. जुलैत धीर धरा.

हात थरथरत असेल तर करंगळी कागदावर टेकवा. मोठे फटकारे खांद्यातून मारा. मोतीबिंदूत निळा मंद दिसतो, तेव्हा डोळ्यावर न विसंबता ट्यूबवरचं नाव वाचा.

पहिल्या चित्रासाठी जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर लेणं उत्तम. बसल्या जागी सावली, समोर गोल नंदीमंडप. दगडाचा करडा काळ्या ट्यूबमधून काढू नका, निर्जीव दिसतो. अल्ट्रामरिनमध्ये क्रिमझन आणि किंचित पिवळा घाला. सुकल्यावर छटा फिकी पडते, म्हणून थोडी गडदच ठेवा. खांबांमधला अंधार सगळ्यात शेवटी, खालचा थर पूर्ण सुकल्यावर, एकाच हातात भरा.