जेवणाच्या टेबलावर हँगिंग लाइट लावताना

दुकानात पन्नास दिवे एकदम पेटलेले असतात, तेव्हा त्यातला प्रत्येक देखणा दिसतो. तो घरी आणून टांगला की मग कपाळ कुठे आपटतं ते कळतं. ठाण्याच्या खाडीकाठी ऐरोलीच्या आमच्या घरात पितळी मुलाम्याची शेड लावताना वायर दोनदा कापावी लागली, म्हणून क्रमाने सांगते.

आधी टेबल पक्कं करा. बिल्डरने दिलेला पॉइंट बहुतेक वेळा खोलीच्या मधोमध असतो आणि आपलं टेबल भिंतीला सरकवलेलं. दिवा पॉइंटखाली नको, टेबलाच्या मध्यावर हवा. जवळ ४८ इंची पंखा असेल तर त्याची पाती मध्यापासून २ फुटांपर्यंत फिरतात. दिवा त्याहून बराच लांब ठेवा, नाहीतर जेवताना सावल्या नाचतात.

शेडचा व्यास टेबलाच्या रुंदीच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत चालतो. म्हणजे ३ फूट रुंद टेबलाला १८ ते २४ इंच.

उंचीची घाई करू नका. टेबलापासून २८ ते ३४ इंच असं सगळीकडे सांगतात, पण त्यात सगळे बसून जेवतात असं गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे एक माणूस उभं राहून वाढतं. मी पिठाची चाळण सुतळीने २८ इंचांवर टांगली. कोशिंबीर वाढायला सासूबाई वाकल्या आणि चाळण थेट कपाळाला! लोखंडी शेड असती तर टेंगूळच आलं असतं. रोज थोडी वर घेत शेवटी ३५ इंचांवर जमलं. हिशोब असा: छत साडेनऊ फूट म्हणजे ११४ इंच, त्यातून टेबल ३०, मोकळी जागा ३५ आणि शेड ९ वजा केली की वायर ४० इंच. वायर कापताना फूटभर जास्तच ठेवा.

आता टांगणं. पीओपी किंवा जिप्समच्या फॉल्स सीलिंगवर वजन देऊ नका. वरच्या स्लॅबमध्ये फास्टनर ठोकून घ्या. पॉइंटच्या डबीतून पाइप ज्या दिशेला गेलेत, त्या रेषेत ड्रिल मारायचं नाही. जड शेडचं वजन वायरवर न येता साखळीवर किंवा स्टीलच्या दोरीवर यायला हवं.

वायरिंग इलेक्ट्रिशियनच करेल, पण तुम्ही शेजारी उभे राहा. एमसीबी खाली, मग टेस्टर लावून खात्री. दिवा धातूचा आहे, म्हणून अर्थिंग हवंच. दोनच तारांची वायर आली असेल तर तीन तारांची घालून घ्या. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये निळी तार फेजचीही, म्हणजे करंट आणणारी, असते. परदेशातून आलेल्या दिव्यात मात्र बहुतेक निळी म्हणजे न्यूट्रल (करंट परत नेणारी), तपकिरी फेज आणि हिरवी-पिवळी अर्थ. घोळ इथेच होतो. स्क्रूच्या होल्डरमध्ये फेज तळाच्या टोकाला जायला हवी, आट्यांना नाही.

बल्ब ९ वॉटचा, ३००० केल्विनच्या आसपासचा वॉर्म घ्या. पांढऱ्या उजेडात वरणभातसुद्धा दवाखान्यातला वाटतो. बल्ब शेडच्या आत खोल बसला पाहिजे, म्हणजे डोळ्यांवर येत नाही. शेडला वर भोकं आहेत ना, तेही बघा. उष्णता कोंडली की एलईडी लवकर जातो.

खाडीकाठी लोखंड पावसाळ्यात गंजतं. पावडर कोटिंग केलेलं किंवा अॅल्युमिनियम बरं. पुसायला कोरडं फडकं पुरे. सासूबाईंनी दसऱ्याला देवाच्या भांड्यांबरोबर आमच्या शेडलाही चिंच-मीठ चोळलं आणि एका बाजूचा मुलामा निघाला. ती बाजू आता भिंतीकडे आहे.